सात नंबरची रेती

१

सात नंबरच्या ट्रामची पेटी उघडायला पहार लागली. धडकेनं झाकण वाकून बसलं होतं. तपासनीसांनी ते उचकटलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर रेती बाहेर काढली. मूठ उघडली तरी रेती सांडली नाही. बोटांच्या ठशांसकट तिचा गोळा तळहातावर तसाच बसून राहिला.

"ओली," मागे उभे असलेले डेपोचे मोठे साहेब म्हणाले.

तपासनीसांनी गोळा बोटानं फोडून पाहिला.

विजेची ट्राम सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याआधी एकवीस वर्षं त्याच रस्त्यावर घोड्यांची ट्राम चालायची. खाली उपनगरी गाड्यांचं स्टेशन, वर टेकडीवरची वस्ती आणि मध्ये अर्ध्या मैलाचा चढ. पायथ्याशी दोन घोड्यांच्या पुढे तिसरा जोडायचा, माथ्यावर सोडायचा. आता घोडे गेले आणि रस्त्यावर तारा आल्या. पण ओढणारा घोडा असो की वीज, भिजल्या रुळावर लोखंडी चाक घसरतं ते घसरतंच. म्हणून प्रत्येक गाडीच्या दोन्ही तोंडांशी रेतीच्या दोन-दोन पेट्या असत. ड्रायव्हरनं पायाखालची कळ दाबली की नळीतून चाकापुढे रेती पडायची आणि चाक रूळ धरायचं.

त्या सकाळी सव्वासातला, धुक्यानं रूळ निथळत असताना, सात नंबर दिवसातली पहिली फेरी करून टेकडी उतरायला लागली. ड्रायव्हरनं कळ दाबली. रेती पडली नाही. ब्रेकनं चाकं जखडली आणि गाडी तशीच, न फिरणाऱ्या चाकांवर, घसरत खाली आली. स्टेशनासमोरच्या वळणावर ती रूळ सोडून उडाली. आतल्या अकरा प्रवाशांना मुका मार लागला, एवढंच. पण वळणावर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला वाकून, लांब सळईनं रुळाची खाच साफ करत होता. गाडीनं त्याला शेडच्या खांबाशी चिरडलं.

"टेकडीकडच्या तोंडाच्या पेट्या पाहिल्या?" साहेबांनी विचारलं.

"पाहिल्या. त्या कोरड्या खडखडीत आहेत. म्हणून तर चढताना काही झालं नाही. स्टेशनाकडच्या तोंडाच्या दोन तेवढ्या ओल्या."

साहेबांनी घड्याळ काढून पाहिलं आणि न बघितल्यासारखं परत ठेवलं. "पुढच्या दोन उपनगरांत लाइन न्यायची की नाही हे या महिन्यात ठरतंय. चार दिवसांत अहवाल द्या. आणि मला एक नाव हवं. लांबलचक कारणं नकोत, एक नाव."

साहेब गेले. तपासनीस हात न धुताच ऑफिसात आले. भिंतीवर त्या दिवसाचा तक्ता टांगलेला होता. बारा गाड्या, बारा ओळी. सातव्या ओळीत लिहिलं होतं: रेती पाहिली, कोरडी. त्यापुढे सही होती.

सही त्यांची स्वतःची होती.

२

त्या सकाळी तपासनीसांनी एकाही पेटीचं झाकण उचललं नव्हतं. नियम असा होता की गाड्या बाहेर पडण्याआधी प्रत्येक पेटीत हात घालून पाहायचा. पहिले पंधरा दिवस त्यांनी अठ्ठेचाळीस पेट्यांत अठ्ठेचाळीस वेळा हात घातला. रेती रोज कोरडी. पुढे ते चार-दोन पेट्या पाहून बाकीच्यांपुढे सही करू लागले. मग थंडी पडली, आणि ते खुर्चीतूनच बारा सह्या करू लागले. कुणाला कळलं नाही, कारण बिघडलं काहीच नव्हतं.

आता तपास त्यांच्याकडेच आला होता. साहेबांना तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंडापर्यंत आलेलं त्यांनी गिळलं. आधी रेती ओली कुणी केली ते शोधू, मग आपलं सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. हे पळवाट काढणं आहे, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात रेतीवाली उभी होती.

डेपोत रेती भाजायचं काम तिचं. नदीची रेती चाळायची, भट्टीवरच्या लोखंडी पत्र्यावर पसरायची, खाली-वर करत भाजायची आणि संध्याकाळी पेट्या भरायच्या. तिच्या हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते. मेलेला सांधेवाला तिचा थोरला भाऊ. नवरा गेल्यापासून ती त्याच्याकडेच, कंपनीनं त्याला दिलेल्या खोलीत राहत होती.

"आत या, बाई."

"नको. उभ्यानंच सांगते. तुम्ही नाव शोधताय म्हणे. शोधू नका. मी मारलं दादाला."

तपासनीसांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"परवा दुपारपासून अंगात ताप होता. शेवटचा घाणा भट्टीवर होता. तो पुरता भाजला नव्हता, हाताला ओल लागत होती. पण मला उभं राहवेना. तशीच काढली आणि सात नंबरच्या खालच्या तोंडाला भरली. दोन पेट्यांचंच काम राहिलं होतं. म्हटलं, एका दिवसानं काय होतंय. घरी जाऊन पडले."

"भावाला सांगितलंत?"

"नाही. तो मला न्यायला डेपोत गेला होता, तोवर मी निघाले होते. रात्री पाळीवरून आला तेव्हा मी झोपेत होते. सकाळी उठले तर तो कामावर गेलेला." तिनं पदर तोंडाशी धरला, पण रडली नाही. "कपाळाला हात लावून गेला असणार. ताप पाहायला. मला कळलंसुद्धा नाही."

"बाई, हे आणखी कुणापाशी बोललात?"

"साहेबांकडेच निघाले होते. म्हटलं आधी तुम्हाला सांगावं. रोज सकाळी तुम्ही पेट्या बघता. काल कशी नाही दिसली तुम्हाला?"

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच कोडं पडलं होतं. तपासनीसांनी पुढे केलेली खुर्ची परत जागेवर सरकवली.

"मला दोन दिवस द्या," ते म्हणाले. "तोवर साहेबांकडे जाऊ नका."

३

ड्रायव्हर दवाखान्यात होता. उजवा हात लाकडाच्या पट्ट्यांत बांधलेला. सगळे त्याला चुचकारे म्हणत. पंधरा वर्षं त्यानं घोड्यांची ट्राम हाकली होती, आणि विजेच्या गाडीवर आल्यावरही चढ लागला की जिभेनं टकटक करून तो मोटरला चुचकारायचा. प्रवासी हसायचे. दोन महिन्यांत हाताची सवय बदलता येते, जिभेची नाही, असं तो सांगायचा.

तपासनीसांना पाहताच तो उठून बसला.

"लिहून घ्या, माझीच चूक आहे. ब्रेक फार जोरात ओढला. घोड्याचा लगाम ओढतात तसा. चाकं जखडली. हळूहळू ओढला असता तर गाडी सरळ उतरली असती."

"कुठे ओढला?"

"ते काय आठवणार? धुकं होतं."

"आठवा."

त्यानं डोळे मिटले. "वरून दुसऱ्या खांबाशी. आधी कळ दाबली. पायाखाली ती नेहमी जराशी थरथरते, रेती उतरताना. काल थरथरली नाही. मग थोडा ब्रेक. मग परत कळ. मग सगळा जोर लावला."

तपासनीस दवाखान्यातून निघाले ते थेट चढावर गेले. रुळावर जखडल्या चाकांची खूण राहते, लोखंड घासून चकाकलेला पट्टा. तो पट्टा दुसऱ्या खांबाच्या थोडा खाली सुरू होत होता. पहिली सात-आठ पावलं तुटक तुटक, म्हणजे चाकं अजून फिरत होती. तिथून पुढे वळणापर्यंत सलग. चुचकारेनं केलं ते बरोबर केलं होतं आणि बरोबर जागी केलं होतं. रेती असती तर गाडी तिसऱ्या खांबाशी थांबली असती.

दोन माणसं आपणहून गुन्हा कबूल करायला आली, आणि त्यातल्या एकाचा गुन्हा नव्हताच. उरली रेतीवाली. तिचं नाव लिहिलं की अहवाल पुरा होत होता. साहेबांना एक नाव मिळत होतं, आणि सकाळचा तक्ता कुणी काढूनही पाहिला नसता.

हा विचार मनात आला तेव्हा तपासनीस चढाच्या मध्यावर उभे होते. त्यांना इतकी लाज वाटली की ते भर रस्त्यात खांबाला टेकून उभे राहिले.

मग ते डेपोत परतले. खुर्चीत बसून सही करायची सवय एकदा नडली होती. या वेळी रेती नीट पाहायची, असं त्यांनी ठरवलं.

४

त्यांनी दोन्ही पेट्यांतली रेती कागदावर पसरून उन्हात ठेवली. दुपारी भिंग घेऊन ते त्यावर वाकले, आणि पहिल्या नजरेतच त्यांना तीन गोष्टी खटकल्या.

रेतीचा रंग काळपट होता. भट्टीतली रेती भाजून पिवळसर होते. दुसरं, रेतीत बारीक भुसा होता. आणि तिसरं, चिमट्यानं उचलून त्यांनी एक केस उन्हात धरला. आखूड, जाड, तपकिरी. असे सात केस सापडले.

तपासनीसांनी भिंग खाली ठेवलं. भट्टीच्या पत्र्यावर भुसा टिकत नाही आणि केस तर क्षणात जळून जातो. रेतीवालीनं अर्धवट का होईना, रेती भाजली होती. ही रेती भट्टीवर चढलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट होती. उन्हात ठेवलेली रेती दुपारपर्यंत कोरडी झाली होती, हातातून सुळसुळत होती. त्यांनी बोट लावून जिभेवर टेकवलं.

रेती खारट होती.

खारी रेती उन्हात कोरडी असते आणि हवेत दमटपणा आला की पाणी ओढून घेते. संध्याकाळी भरताना ती कोरडीच असणार. रात्रभराच्या धुक्यानं तिचा गोळा झाला. म्हणजे भरणाऱ्याला ती ओली आहे हे कळलंही नसेल.

ते भट्टीकडे गेले. अपघातापासून भट्टी पेटली नव्हती, बाकीच्या गाड्या बंदच होत्या. लोखंडी पत्र्यावर रेतीचा थर होता, खडखडीत वाळलेला. तपासनीसांनी ती मापानं भरून पाहिली. माप दोन पेट्यांचं भरलं, ना कमी ना जास्त.

रेतीवालीनं शेवटचा घाणा काढून गाडीत भरला होता. मग पत्रा रिकामा हवा होता. तिच्यानंतर कुणीतरी आलं, सात नंबरच्या पेट्यांतली तिची दमट रेती उपसली, निवत्या भट्टीवर सुकायला परत पसरली आणि पेट्यांत दुसरी रेती भरली.

गाडी पाडायची असती तर तिची रेती काढायची गरजच नव्हती. जो कोणी आला, तो गाडी सुरक्षित करायला आला होता.

पण खारट रेती, भुसा आणि घोड्याचे केस एकत्र सापडतील अशी जागा डेपोत एकच होती.

५

तबेला डेपोच्या मागे होता. एकेकाळी तिथे चाळीस घोडे असत. आता चार उरले होते, तेही पुढच्या महिन्यात जाणार होते. तबेला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणत. विजेच्या ट्रामवर त्यांचा राग होता आणि तो त्यांनी कधी लपवला नव्हता. पहिल्या दिवशी गाडी सजवून निघाली तेव्हा ते घोड्याला खरारा करत तिच्याकडे पाठ करून उभे राहिले होते.

"या," मामा म्हणाले. "माझ्याकडे कधी येताय याचीच वाट बघत होतो. सगळ्यांना वाटतंय मामानं काहीतरी केलं. मी गाडीला हातसुद्धा लावला नाही."

"कुणी म्हणत नाही तसं."

"म्हणतील. मी रोज म्हणायचो, ती घसरणार. घसरली. त्यात माझा काय दोष?"

तपासनीसांच्या मनात नोंद झाली. या डेपोत दोन दिवस जो भेटेल तो आपला दोष सांगत होता. झाडूवालासुद्धा म्हणाला होता की वळणावरची पानं आदल्या दिवशी नीट काढली नव्हती. दोष नाही असं सांगणारा हा पहिलाच माणूस.

दाराशी स्वच्छ रेतीचा ढीग होता, घोड्यांखाली टाकायला, कंबरेइतका उंच. तपासनीस त्याला वळसा घालून आत गेले. मागच्या कोपऱ्यात भिंतीला मिठाचा मोठा खडा टांगलेला होता, घोड्यांनी चाटायला. त्याच्याखाली रेतीची जमीन खणलेली होती. खड्डा ताजा होता. भोवती चुलीतली राख पसरलेली.

"ही राख कशाला, मामा?"

"दमट होतं तिथं. मीठ विरघळून खाली झिरपतं ना, वर्षानुवर्षं. दिवसा कळत नाही, सकाळी बघावं तर चिखल. घोडा घसरतो. म्हणून रोज राख टाकावी लागते."

"आणि खड्डा?"

मामा खराऱ्यात अडकलेले केस काढू लागले. "उंदरांनी केला असेल."

उंदीर फावड्यानं खणत नाहीत. खड्ड्याच्या कडा सरळ कापलेल्या होत्या. पण तपासनीस तसेच बाहेर पडले. त्यांना आणखी एक वस्तू पाहायची होती, आणि ती सापडू नये असंही वाटत होतं.

स्टेशनासमोरच्या वळणावर सांधेवाल्याची छोटी टपरी होती. आत त्याचा कंदील, जुना कोट आणि खाच साफ करताना निघालेली घाण भरायची पत्र्याची बादली. तपासनीसांनी बादली उजेडाकडे तिरपी केली. तळाशी काळपट थर चिकटला होता. त्यांनी तो नखानं खरवडला आणि जिभेला लावला. खारट होता.

मग ते त्या टपरीत, मेलेल्या माणसाच्या स्टुलावर, बराच वेळ बसून राहिले.

६

तिसऱ्या दिवशी दुपारी ते परत तबेल्यात गेले. मामा घोड्यांना पाणी दाखवत होते.

"मामा, सांधेवाला तुमचा जुना मित्र."

"एकवीस वर्षांचा. चढाचा तिसरा घोडा तोच सांभाळायचा. माझ्या तबेल्यातला, त्याच्या हातातला."

"अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तो बहिणीला न्यायला आला. ती निघून गेली होती. भट्टीपाशी त्याला कळलं असणार की काम घाईत उरकलंय. त्यानं सात नंबरच्या पेटीत हात घालून पाहिला. माझं काम होतं ते, त्यानं केलं. रेती दमट होती. बहिणीवर बोल येईल, म्हणून त्यानं ती उपसली आणि भट्टीवर टाकली. पण त्याला पाळीवर जायचं होतं, सुकेपर्यंत थांबता येईना. मग तो कोरडी रेती शोधत इथे आला."

मामांनी बादली खाली ठेवली.

"इथवर मला कळलं. पण एक गोष्ट सुटत नव्हती. दाराशी कोरड्या रेतीचा एवढा ढीग. हातात बादली, वेळ थोडा. असा माणूस ढिगातली रेती भरेल आणि चालू लागेल. तो ढीग ओलांडून, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन, फावड्यानं जमीन का खणेल?"

मामांनी दाराकडच्या ढिगाकडे पाहिलं.

"कुणीतरी त्याला तिकडे पाठवल्याशिवाय तो गेला नसता. आणि तिथली रेती सकाळी चिखल होते हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तुम्हीच मला सांगितलंत."

एक घोडा फुरफुरला. मामांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"मी म्हटलं, ढिगातली नको नेऊस, मला घोड्यांना लागेल. कोपऱ्यातली घे." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "त्यानं विचारलं, कोरडी आहे ना? मी म्हटलं, हात लावून बघ. त्यानं हात लावला. कोरडीच होती."

"का, मामा?"

"मला वाटलं चढावर अडकेल. चाकं जागच्या जागी फिरतील, लोक उतरून ढकलतील, हसतील. म्हणतील, घोडे बरे होते. एवढंच. एक दिवस हसले असते." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "उताराचं माझ्या डोक्यातच आलं नाही हो. घोड्याला त्रास चढाचा. एकवीस वर्षं मी चढाचाच विचार केला. आणि त्या पेट्या उतरताना लागतात हे मला कुठे ठाऊक? मी त्या गाडीत एकदासुद्धा बसलो नाही."

तपासनीसांना वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला हलकं वाटेल. कोडं सुटलं होतं. पण समोरचा म्हातारा घोड्याला टेकून उभा होता, आणि त्याच्याकडे बोट दाखवायला उचलायचा तो हात त्या सकाळी पेटीत गेला नव्हता.

"मी पेट्या पाहिल्या नव्हत्या," ते म्हणाले. "न पाहता सही केली. पाहिल्या असत्या तर तुमची रेती डेपोतच सापडली असती. सगळे हसले असते, तुमच्यावर."

मामांनी मान वर केली. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले, एकाच गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांसारखे.

७

अहवाल चार पानांचा झाला. मोठ्या साहेबांनी तो दोनदा वाचला.

"मी एक नाव मागितलं होतं."

"पहिलं नाव माझं आहे. एकच हवं असेल तर तेवढं ठेवा."

"तपास करणाराच दोषी निघाला, असं छापून आलं तर लोक काय म्हणतील? रेतीवालीचं नाव का नाही? तिनं दमट रेती भरली होती."

"ती रेती रुळापर्यंत आलीच नाही."

"मग सांधेवाल्याचं. परवानगीशिवाय त्यानं पेट्यांना हात लावला. तो दोषी धरला तर खोली परत घेता येते."

"त्यानं दमट रेती काढून, हात लावून पाहून, कोरडी भरली," तपासनीस म्हणाले. "त्या चोवीस तासांत अख्ख्या डेपोत पेटीत हात घालणारा तो एकटा होता, साहेब. त्याला दोषी धरायचं तर माझ्या सहीनं होणार नाही."

साहेब चिडले, पण तपासनीसांची सही असलेला सकाळचा तक्ता अहवालाला जोडलेला होता, आणि तो वाचल्यावर दुसऱ्या कुणावर खापर फोडणं त्यांनाही जड गेलं. तपासनीसांना कामावरून काढून टाकलं. खोली रेतीवालीकडे राहिली. मामांना पोलिसांनी बोलावून घेतलं, सगळं विचारलं आणि सोडून दिलं. माहीत असून बोलला नाही, याला कायद्यात कलम सापडेना.

रेतीवालीला सांगायला तपासनीस स्वतः गेले. खोलीत खुंटीवर भावाचा सदरा होता, धुतलेला. त्यांनी काही गाळलं नाही. केस, मीठ, बादली, मामांचं बोलणं, आपली सही, सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"म्हणजे माझी रेती नव्हती ती."

"नव्हती."

"आणि माझी असती तर? पडली असती?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. तपासनीसांनी ते टाळलं. "माहीत नाही, बाई. भट्टीवर ती रात्रीत वाळली, पेटीत वाळली असती का, कोण सांगणार. कदाचित थोडी पडली असती. कदाचित नाही."

ती भिंतीपासून सरळ झाली. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की तपासनीस दचकले. ती रागावली होती.

"लहानपणापासून त्याला हीच खोड. माझं काम मला न विचारता करायचं. मी भांडी घासली की तो परत घासायचा. मला उठवायचं होतं ना त्यानं? तापात काय, मेले नव्हते मी. उठून आले असते, दोन तास भट्टीपाशी बसले असते." तिचा आवाज फाटला. "मला उठवलं का नाही त्यानं?"

आणि मग ती रडली, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. शेजारची बाई धावत आली. तपासनीस हळूच बाहेर पडले.

पुढचा आठवडा ते घरात बसून होते. बायको म्हणाली, झालं ते झालं, दुसरीकडे काम बघा. त्यांनी मान हलवली आणि बसून राहिले. आठव्या दिवशी सकाळी कपडे करून ते कंपनीच्या खोल्यांकडे निघाले. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते. माफी मागायची नव्हती, ती मागून झाली होती. तिनं आपल्याला चार शब्द सुनवावेत, शिव्या द्याव्यात, दारातून हाकलावं, असं काहीतरी त्यांना हवं होतं.

कोपऱ्यावर ते थांबले. रेतीवालीच्या दारात मामा उभे होते. शेजारीण नंतर म्हणाली की म्हातारा चार दिवस रोज येऊन उभा राहायचा, दार उघडायचं नाही. आज उघडलं. ती कामावर निघाली होती, जुनी साडी नेसून, पदर खोचून.

"काय हवंय, मामा?"

"मला काहीतरी शिक्षा दे, पोरी. पोलीस देत नाहीत. तू दे."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता आणि मायाही नव्हती.

"ती माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "सरका. मला भट्टी पेटवायचीय."

मामा बाजूला झाले. ती कुलूप लावून भराभर चालत कोपऱ्यापर्यंत आली. तपासनीसांना पाहून तिची पावलं किंचित मंदावली. बोला, अशा अर्थानं तिनं भुवया उचलल्या.

"काही नाही," तपासनीस म्हणाले. "असाच निघालो होतो."

ती मान हलवून पुढे गेली. तपासनीसांनी मामांकडे पाहिलं. म्हातारा अजून बंद दारासमोरच उभा होता. थोड्या वेळानं ते त्याच्याजवळ गेले, त्याचा दंड धरला आणि त्याला त्याच्या घराच्या रस्त्याला लावून दिलं.